हातात किती महिने आहेत? नवी कंपनी चालवणाऱ्यांसाठी

कंपनी काढायचं मनात घेऊन कोणी बोलायला आलं, की मी पहिल्यांदा विचारते, "हातात किती महिने आहेत?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. कल्पना पक्की असते, कंपनीचं नाव ठरलेलं असतं, कधीकधी प्रॉडक्टही अर्धं तयार असतं. पण बँकेतला पैसा कोणत्या महिन्यात संपेल, हे कोणी कागदावर मांडून पाहिलेलं नसतं.

मी मुळात हिशेबातली. आमच्या कंपनीत आम्ही तिघं संस्थापक. एक जण प्रॉडक्ट बघतो, एक जण इंजिनिअरिंग, आणि विक्री, पैसा, माणसं हे सगळं माझ्याकडे. कारखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. हिशेबाच्या खुर्चीवरून कंपनी जशी दिसते तशीच मी इथे सांगणार आहे. माझं ठाम मत आहे, की नव्या कंपनीतला जवळपास प्रत्येक निर्णय महिन्यांत मोजता येतो, आणि तसा मोजला की संस्थापकांमधले बरेच वाद तिथेच मिटतात.

महिने कसे मोजायचे

गणित सोपं आहे. आज बँकेत असलेली रक्कम घ्या. दर महिन्याला प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या पैशातून प्रत्यक्ष आत येणारा पैसा वजा करा. हा झाला निव्वळ बर्न. रकमेला बर्नने भागा. बँकेत ७२० असतील आणि महिन्याला ६० कमी होत असतील, तर तुमच्याकडे १२ महिने आहेत. यालाच सगळे रनवे म्हणतात.

खरी अडचण या आकड्यांत काय धरायचं आणि काय नाही इथे येते. ग्राहक "पुढच्या महिन्यात नक्की घेतो" म्हणाला, तर ते धरायचं नाही. इन्व्हॉइस पाठवलं पण पैसे आले नाहीत, तर ती थकबाकी. तीही रोकड नाही. ग्राहकाकडून बिलासोबत घेतलेला कर तुमच्या खात्यात दिसतो, पण तो सरकारचा आहे. तो वेगळ्या खात्यात टाका. अनेक देशांत असा गोळा केलेला किंवा पगारातून कापलेला कर वेळेवर भरला नाही, तर संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. कंपनी मर्यादित दायित्वाची, म्हणजे तिच्या देण्यांसाठी मालकांच्या खाजगी पैशाला हात लागत नाही अशी, असली तरी हे संरक्षण तिथे पुरत नाही. त्यामुळे या पैशाला हात लावायचा नाही, पगार अडला तरीही नाही. आणि वर्षभराची वर्गणी आगाऊ मिळाली असेल, तर ती रोकड खरी आहे, पण पुढचे बारा महिने सेवा देण्याचं देणंही तिच्यासोबत आलेलं आहे. ती सगळी पहिल्या तिमाहीत खर्चून टाकली, तर उरलेल्या तिमाहींची सेवा कशातून देणार?

महिन्याचा हिशेब पुरेसा नसतो, कारण पैसा महिन्यातल्या विशिष्ट तारखांना लागतो. म्हणून मी तेरा आठवड्यांचा तक्ता ठेवते. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. प्रत्येक आठवड्याचा एक रकाना, आणि त्यात चार ओळी: सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, अखेरची शिल्लक. येणाऱ्या पैशांच्या ओळीत इन्व्हॉइसवरची मुदत लिहायची नाही. तो ग्राहक आजवर प्रत्यक्षात जितक्या दिवसांनी पैसे देत आला आहे, ती तारीख लिहायची. दर शुक्रवारी दुपारी मी हा तक्ता नव्याने भरते आणि तेरा रकान्यांतली सर्वांत कमी शिल्लक कोणत्या आठवड्यात येते, एवढंच बाकी दोघांना कळवते. चर्चा त्या एका आठवड्यावर होते.

वसुलीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यावर फारसं कोणी बोलत नाही. मोठ्या कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर वापरणारा माणूस देखभाल विभागातला असतो, मंजुरी देणारा खरेदी विभागातला, आणि पैसे सोडणारा लेखा विभागातला. वापरणारा खूश आहे म्हणून पैसे येत नाहीत. विक्री पक्की होत असतानाच मी तीन गोष्टी विचारून घेते: इन्व्हॉइसवर पीओ नंबर (त्यांच्या खरेदी आदेशाचा क्रमांक) लागतो का, बिल कोणाच्या हातून पास होतं, आणि पेमेंट आठवड्यातल्या किंवा महिन्यातल्या कोणत्या दिवशी निघतं. पीओ नंबर नसलेलं बिल महिनाभर कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतं आणि कोणी ते परत पाठवण्याची तसदीही घेत नाही. लेखा विभागातल्या त्या माणसाला मुदतीच्या आठवडाभर आधी एक साधा फोन करावा: बिल मिळालं ना, काही कागद कमी आहे का? आमची वसुली मुख्यतः या फोनवर चालते.

एकाच ग्राहकाकडून मोठा वाटा येत असेल, तर तो ग्राहक नाही असं धरून महिने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

आणि पैसा कुठे ठेवला आहे, हेही बघा. १० मार्च २०२३ रोजी, शुक्रवारी, अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक नियामकांनी बंद केली. ठेवींवरचा विमा प्रति ठेवीदार अडीच लाख डॉलरपर्यंतच होता, आणि पुष्कळ स्टार्टअपचा जवळपास सगळा पैसा त्याच एका बँकेत होता. रविवारी संध्याकाळी सरकारने सर्व ठेवीदारांचे पैसे सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. मधले दोन दिवस कित्येक संस्थापक पगार कुठून करायचे या विवंचनेत होते. कंपनी कितीही लहान असो, दोन बँकांत खाती ठेवा आणि दोन महिन्यांचे पगार होतील एवढी रक्कम दुसऱ्या बँकेत असू द्या.

संस्थापकांचा कागद

संस्थापक जिवलग मित्र असतील तर हा कागद आणखी लवकर करा. मैत्रीत विषय काढायला जीव धजत नाही, आणि महिने जातात तसतसा तो काढणं कठीण होत जातं. कंपनीला किंमत नसते तेव्हा वाटणी शांतपणे होते.

त्यात पहिली गोष्ट वेस्टिंगची. म्हणजे ठरलेले शेअर एकदम मालकीचे होत नाहीत, काम करत राहिल्यावर हळूहळू होतात. रूढ पद्धत चार वर्षांची, आणि त्यात पहिल्या वर्षाचा क्लिफ. वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर काहीच नाही. वर्ष झालं की एक चतुर्थांश, आणि पुढे दर महिन्याला अठ्ठेचाळिसावा भाग. समजा तिघांपैकी एकाकडे कंपनीचे ३० टक्के ठरले आहेत आणि तो चौदाव्या महिन्याअखेर बाहेर पडला. वेस्टिंग असेल तर त्याच्याकडे ३० टक्क्यांचे १४/४८, म्हणजे ८.७५ टक्के राहतात. वेस्टिंग नसेल तर पूर्ण ३० टक्के राहतात, आणि उरलेले दोघं पुढची सात-आठ वर्षं त्या ३० टक्क्यांसाठी राबतात. नंतर गुंतवणूकदार हे भागभांडवल बघतात आणि मागे हटतात, कारण कंपनीचा जवळपास तिसरा हिस्सा कंपनीत नसलेल्या माणसाकडे आहे.

दुसरी गोष्ट बौद्धिक संपदेची. कंपनी नोंदवण्याआधी लिहिलेला कोड, केलेलं डिझाइन, घेतलेलं डोमेन हे सगळं कंपनीच्या नावे लेखी हस्तांतरित करा. कोणी आधीच्या नोकरीत असताना, त्या कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कामाच्या वेळेत काही लिहिलं असेल, तर तो करार आधी वकिलाला दाखवा. फ्रीलान्सरकडून करून घेतलेल्या कामाचंही असंच: पैसे दिले म्हणून हक्क आपोआप आपल्याकडे आले, असं सगळीकडे होत नाही.

तिसरी गोष्ट मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. प्रत्येक संस्थापकाने एका कागदावर लिहावं, की पगार न घेता मी किती महिने राहू शकतो. खरा आकडा लिहावा. घरचं कर्ज, आईवडिलांची औषधं, मुलांची फी सगळं धरून. आम्ही तिघांनी हे आकडे एकमेकांना दाखवले तेव्हा ते एकमेकांपासून बरेच लांब होते, आणि त्यामुळे पहिल्या दिवसापासून कोणाला किती पगार लागेल ते उघडपणे ठरवता आलं. ज्याचे महिने सर्वांत कमी, त्याचे महिने संपले की कंपनीचेही संपतात, बँकेत काहीही असो.

शिवाय कोणत्या विषयात अंतिम शब्द कोणाचा, हे लिहा. आमच्याकडे दर ठरवणं माझ्याकडे आहे, प्रॉडक्टमध्ये काय घ्यायचं ते प्रॉडक्ट बघणाऱ्याकडे. वाद घालायला सगळ्यांना मुभा आहे, निर्णय एकाचा.

ग्राहकाला भूतकाळ विचारा

"असं सॉफ्टवेअर असेल तर तुम्ही वापराल का?" हा प्रश्न विचारूच नका. समोरचा भला माणूस असतो, तो हो म्हणतो. भविष्याबद्दल बोलायला कोणालाच पैसे पडत नाहीत. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा. यंत्र अचानक बंद पडलं असं शेवटचं कधी झालं? तेव्हा सगळ्यांत आधी कोणाला फोन गेला? किती वेळ काम थांबलं? सुटा भाग कुठून आणला, आणि तो बिघाड आधी कळण्यासारखा होता का? तसं पुन्हा होऊ नये म्हणून नंतर काय केलंत?

या शेवटच्या प्रश्नाकडे लक्ष द्या. काहीच केलं नसेल, तर अडचण आहे पण ती दुखत नाही. त्याने स्वतः एक एक्सेल शीट बनवली असेल, भिंतीवर तक्ता टांगला असेल, एखाद्या माणसाला फक्त तेवढ्याच कामाला लावलं असेल, तर तो आधीच त्या अडचणीवर वेळ आणि पैसा खर्च करतो आहे. असा माणूस ग्राहक होतो. एका देखभाल पर्यवेक्षकाने मला तेलाचे डाग पडलेली वही काढून दाखवली होती. प्रत्येक यंत्राला एक पान, वंगणाच्या तारखा, आणि ज्या तारखा चुकल्या त्यांच्याभोवती लाल गोल. आमच्या सॉफ्टवेअरचा पहिला स्क्रीन आजही त्या पानासारखा आहे, कारण ते पान बघायला लोकांना शिकवावं लागत नाही.

मग बनवायला सुरुवात करण्याआधी, जे हाताने करता येईल ते हाताने करा. ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसची सुरुवात १९९९ मध्ये अशीच झाली. निक स्विनमर्न यांनी बुटांच्या दुकानात जाऊन फोटो काढले, ते वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन पाठवले. प्रत्येक जोडीवर तोटा होता. पण लोक पायात घालून न बघता ऑनलाइन बूट विकत घेतील का, हा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर गोदाम न बांधता मिळालं. २००९ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी घेतली.

याच्या अगदी उलट उदाहरण वेबव्हॅनचं. घरपोच किराणा देणारी ही कंपनी १९९६ मध्ये स्थापन झाली. पहिल्या शहरातला व्यवसाय नफ्यात येतो की नाही हे कळण्याआधीच, १९९९ मध्ये, तिने देशभर स्वयंचलित गोदामं उभारण्यासाठी सुमारे एक अब्ज डॉलरचा करार केला. जुलै २००१ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. लोकांना घरपोच किराणा हवाच होता, हे पुढच्या वीस वर्षांत दिसलं. त्या कंपनीने मात्र न तपासलेल्या गृहीतकावर सगळे महिने एकदम लावून टाकले. माझ्या हिशेबाने स्टार्टअपमधला सर्वांत महाग खर्च हाच: उत्तर मिळण्याआधी केलेला विस्तार.

सुरुवातीचे ग्राहक मिळवायला संस्थापकांनी स्वतः जावं. ऑनलाइन पेमेंटची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचे संस्थापक कॉलिसन बंधू याबद्दल प्रसिद्ध आहेत. कोणी वापरून बघतो म्हणालं, की लिंक पाठवण्याऐवजी ते त्याचा लॅपटॉप मागून घेत आणि तिथल्या तिथे सेवा जोडून देत. आम्हीही पहिल्या ग्राहकांकडे यंत्रांची यादी स्वतः बसून भरून दिली. हे कितीही किचकट वाटलं, तरी लोक कुठे अडखळतात ते त्याच खोलीत बसून दिसतं.

दर आणि गळती

फुकट देऊ नका. चाचणीसाठी मुदत द्या, पण ती संपल्यावर किती पैसे लागतील हे पहिल्याच भेटीत सांगा. फुकट वापरणारा कौतुक करतो. पैसे देणारा तक्रार करतो, आणि प्रॉडक्ट त्या तक्रारींमुळे सुधारतं.

आता एक छोटं गणित, जे मी प्रत्येक संस्थापकाकडून करून घेते. ग्राहक महिन्याला १०० देतो. त्याला सेवा द्यायला, म्हणजे सर्व्हर, सपोर्ट, पेमेंटचं शुल्क धरून, ३० लागतात. उरतात ७०. तो ग्राहक मिळवायला जाहिरात, प्रवास, विक्रीच्या माणसाचा वेळ असे ८४० खर्च झाले. म्हणजे खर्च भरून यायला १२ महिने लागतात. आता तो किती महिने टिकतो? दर महिन्याला ५ टक्के ग्राहक सोडून जात असतील, तर सरासरी ग्राहक २० महिने टिकतो आणि १,४०० देऊन जातो. गळती १० टक्के असेल, तर तो सरासरी १० महिने टिकतो आणि ७०० देतो. ८४० घालून ७०० मिळाले. अशा वेळी जितके जास्त ग्राहक आणाल तितके तुमचे महिने भराभर कमी होतील, आणि विक्रीचा आलेख मात्र वर जाताना दिसेल.

महिन्याला ५ टक्के हा आकडाही लहान समजू नका. शंभर ग्राहकांपासून सुरुवात केली, तर वर्षाअखेर त्यातले साधारण ५४ उरतात. म्हणून सोडून गेलेल्या प्रत्येक ग्राहकाला मी स्वतः फोन करते. परत या असं म्हणायला नाही. शेवटचं लॉगिन कधी होतं, त्या आठवड्यात काय झालं, आता ते काम कसं करता, एवढंच विचारायला. बहुतेक वेळा कळतं की ते मनाने फार आधीच गेले होते. ज्या माणसाने सॉफ्टवेअर बसवायला लावलं त्याची बदली झाली आणि नव्या माणसाला कोणी शिकवलंच नाही. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाकडे किमान दोन माणसं नियमित वापरणारी असावीत, हे आम्ही पाहतो.

माणसं घेताना

मघाचंच उदाहरण घ्या: बँकेत ७२०, बर्न ६०, म्हणजे १२ महिने. दोन माणसं घेतली आणि बर्न ७२ झाला, तर १० महिने उरले. ती दोन माणसं सगळ्यांच्या दोन महिन्यांच्या किमतीला आली. प्रश्न असा विचारायचा: हे दोघं दहा महिन्यांत असं काय करतील, जे आपण त्यांच्याशिवाय बारा महिन्यांत करू शकलो नसतो? उत्तर असेल तर घ्या, आणि मनापासून घ्या. पगाराच्या आकड्याला महिने चिकटवून बघितले, की "सगळ्या कंपन्यांत असतो म्हणून आपल्याकडेही मार्केटिंगचा माणूस हवा" असली कारणं टिकत नाहीत.

विक्रीसाठी पहिला माणूस घेण्याआधी संस्थापकांनी स्वतः पुरेशी विक्री केलेली असावी. ग्राहक कोणत्या शंका काढतो, कोणत्या वाक्यावर तयार होतो, मंजुरीला किती आठवडे लागतात, हे तुम्हालाच माहीत नसेल तर नव्या माणसाला काय सांगणार? त्याला काढावं लागलं, तरी दोष त्याचा होता की प्रॉडक्टचा, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पगाराची तारीख चुकवू नका. ती चुकणार असं तेरा आठवड्यांच्या तक्त्यात दिसलं, तर त्याच आठवड्यात सगळ्यांना सांगा. लोकांना वाईट बातमी पचते. आपल्यापासून ती लपवली होती हे कळलं की मात्र विश्वास जातो, आणि सगळ्यात आधी चांगली माणसं जातात. कपात करावीच लागली तर एकदाच, पुरेशी खोल करा, म्हणजे उरलेल्यांना "आता आणखी नाही" असं खरेपणाने सांगता येईल. दर महिन्याला दोघातिघांना काढत राहिलात, तर राहिलेला प्रत्येक जण काम करता करता नोकरी शोधत बसतो.

दुसऱ्याचा पैसा

गुंतवणूक घ्यायलाच हवी असं नाही. ईमेलने जाहिरात करायची सेवा देणारी मेलचिंप २००१ मध्ये सुरू झाली, बाहेरून गुंतवणूक न घेता वाढली, आणि २०२१ मध्ये इंट्यूटने ती सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. ग्राहकांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीचा वेग कमी असतो, पण तिचे महिने तिच्या स्वतःच्या हातात असतात. व्हेंचर फंडाची, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसा लावणाऱ्या फंडाची, मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि त्याचा परतावा मूठभर कंपन्यांतून येतो. त्यामुळे प्रत्येक कंपनी त्या मूठभरांत जाण्याइतकी वेगाने वाढावी, अशी त्याची अपेक्षा असणारच. तुमचा धंदा तसा वाढू शकतो का, हे स्वतःला आधी विचारा. धंदा उत्तम असून त्याचं उत्तर नाही असंही येऊ शकतं.

घ्यायची ठरली, तर हातात नऊ महिने असताना बोलायला सुरुवात करा. पहिल्या भेटीपासून खात्यात पैसे येईपर्यंत सहा महिने सहज जातात. दोन महिने उरलेत हे समोरच्याला कळलं, की अटी तो ठरवतो.

टर्म शीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींच्या कागदात, सगळे मूल्यांकन (कंपनीची किती किंमत धरली ते) बघतात. मी आधी दोन कलमं बघते. पहिलं, ऑप्शन पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांना पुढे देण्यासाठी राखून ठेवलेले शेअर. गुंतवणुकीआधीचं मूल्य ८०० आणि गुंतवणूक २००, म्हणजे नंतरचं १,०००. गुंतवणूकदाराला २० टक्के. पण १० टक्क्यांचा पूल गुंतवणुकीआधी तयार करायची अट असेल, तर तो पूर्णपणे जुन्या मालकांच्या हिश्श्यातून जातो. त्यांच्याकडे ८० ऐवजी ७० टक्के राहतात, म्हणजे त्यांच्या कंपनीचं खरं मूल्य ७०० धरलं गेलं.

दुसरं, लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदाराला आधी किती मिळणार. तीच कंपनी पुढे ५०० ला विकली गेली असं समजा. साध्या एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग अटीत गुंतवणूकदार आपले २०० किंवा २० टक्क्यांचे १०० यांपैकी जास्त असेल ते घेतो. म्हणजे २०० घेतो, बाकीच्यांना ३०० उरतात. पार्टिसिपेटिंग असेल तर तो आधी २०० घेतो, शिवाय उरलेल्या ३०० चे २० टक्के, म्हणजे ६० घेतो. बाकीच्यांना २४०. दोन्ही कागदांवर मूल्यांकन एकच लिहिलेलं होतं.

सेफ नावाचा करार, म्हणजे आज पैसे आणि शेअर पुढच्या गुंतवणुकीच्या फेरीत, नव्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये आणला. २०१८ मध्ये त्याचं पोस्ट-मनी रूप आलं, ज्यात सगळ्या सेफचा पैसा धरून प्रत्येकाची टक्केवारी ठरते. पटकन सह्या होतात म्हणून संस्थापक एकामागून एक सेफ करत जातात. ८ टक्के एकाला, ७ दुसऱ्याला, १० तिसऱ्याला. पोस्ट-मनी सेफमध्ये पुढची फेरी येण्याआधीच २५ टक्के गेलेले असतात. प्रत्येक सहीच्या वेळी बेरीज करा आणि भागभांडवलाचा तक्ता, म्हणजे कोणाकडे किती टक्के ते, त्याच दिवशी बदला.

पैसे आल्यावर गुंतवणूकदारांना दर महिन्याला एक पत्र पाठवा, एका पानाचं: रोकड, बर्न, उरलेले महिने, काय बिघडलं, कुठे मदत हवी. वाईट महिन्यात ते आणखी वेळेवर पाठवा.

मोठी रक्कम उभी राहिली म्हणून शिकण्याचं काम टळत नाही. मोबाइलवर छोटे व्हिडिओ कार्यक्रम दाखवणाऱ्या क्विबीने सुमारे पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. उरलेला पैसा त्यांनी गुंतवणूकदारांना परत केला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

बंद करायची किंवा वळण घ्यायची वेळ

हा विषय कंपनी चांगली चालू असताना काढा. किती महिने उरले की आपण थांबून फेरविचार करणार, तो आकडा तिघांनी मिळून लिहून ठेवा. आमचा आकडा सहा आहे. सहाच्या खाली गेलो की नवीन खर्च बंद, आणि त्याच आठवड्यात दिवसभर बसून तीनच गोष्टींवर बोलायचं: आहे तेच चालू ठेवायचं, दिशा बदलायची, की बंद करायचं.

दिशा बदलायला पैसा लागतो, म्हणून तो निर्णय पैसा असतानाच घ्यावा लागतो. टायनी स्पेक नावाची कंपनी ग्लिच हा ऑनलाइन गेम बनवत होती. गेम चालत नाही हे दिसल्यावर २०१२ अखेर त्यांनी तो बंद केला, पण तेव्हा बँकेत पैसे शिल्लक होते. आपल्याच टीमच्या संवादासाठी त्यांनी बनवलेलं साधन त्यांनी वेगळं काढलं आणि २०१४ मध्ये ते स्लॅक या नावाने सर्वांसाठी खुलं केलं. २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ती कंपनी २७.७ अब्ज डॉलरला घेतली. गेमवर आणखी वर्षभर खर्च केला असता, तर ते साधन बाहेर काढायला कंपनीत कोणी उरलं नसतं.

बंद करायचं ठरलं तर त्यालाही पैसे लागतात, आणि ते आधी बाजूला काढावे लागतात. शेवटचे पगार आणि रजेचे पैसे, भरायचा कर, लेखापरीक्षकाचं आणि वकिलाचं शुल्क, पुरवठादारांची देणी, आणि ग्राहकांनी आगाऊ दिलेल्या वर्गणीतला उरलेला भाग. कायद्याने कोणाचा क्रम आधी लागतो ते देशागणिक बदलतं, म्हणून वकिलाला पहिल्याच आठवड्यात बोलवा. ही सगळी बेरीज माझ्या शुक्रवारच्या तक्त्यात अगदी खाली एका ओळीत असते, आणि महिने मोजताना मी ती शिलकीतून आधीच वजा करते. ग्राहकांना किमान दोन महिन्यांची सूचना द्या आणि त्यांची माहिती उघडता येईल अशा साध्या फाइलमध्ये काढून द्या. आमच्या बाबतीत ती फाइल म्हणजे प्रत्येक यंत्राची नोंद, शेवटची देखभाल आणि पुढची तारीख. तिचं बटण सॉफ्टवेअरमध्ये आजही आहे, आणि दर तिमाहीला आम्ही ते दाबून फाइल नीट उघडते का ते तपासतो.